गप्प पडणाऱ्याचा नंबर आधी

कृष्णकांत बिडवई मूळचे अंबाजोगाईचे. चंदिगडच्या एका मोठ्या इस्पितळात रक्त तपासायचे, आणि फावल्या वेळात मरायचे. म्हणजे सरावात. पंजाबात बसमध्ये, बाजारात, कुठेही स्फोट व्हायचे ते दिवस. इस्पितळानं त्यासाठी फिरतं पथक काढलं होतं: एक पांढरी गाडी, स्ट्रेचरं, सलाइनच्या बाटल्या आणि पथकप्रमुख डॉक्टर रागिणी सोहोनी. दर महिन्याला मैदानावर खोटा स्फोट होई आणि जखमी म्हणून झोपायला माणसं लागत. कृष्णकांतराव स्वतःहून नाव देत. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात त्यांना कधी द्वारपालाच्या वर बढती मिळाली नव्हती. इथे सबंध मैदान त्यांचं.

"दळण आणा म्हटलं की कंबर दुखते," त्यांच्या पत्नी सुमेधाबाई म्हणायच्या, "आणि तिथे फुकट मरायला एका पायावर तयार!"

सुरुवातीला ते असे काही विव्हळत, की कंपाउंडर नरेश हात जोडायचा. "बिडवईजी, बस करो यार, सच्ची में डर लगता है." पण विव्हळण्याचा तोटा लवकरच कळला. डॉक्टर सोहोनींचा नियम होता: जो ओरडतो त्याचा श्वास चालू आहे हे उघड आहे, आधी गप्प पडलेल्याकडे धावा. त्यामुळे कृष्णकांतराव उन्हात भाजत पडत आणि शेजारचे मुके जखमी गाडीतल्या पंख्याखाली जाऊन समोसे खात. दोन सरावांत त्यांनी विव्हळणं सोडलं. डोळे मिटायचे, मान टाकायची, की चार हात लगेच उचलायला हजर! हे गुपित त्यांनी विश्राम गावडेलाही सांगितलं. विश्राम इस्पितळाच्या भांडारातला, वेंगुर्ल्याचा. त्याचं तोंड सुरू झालं की समोरच्याला जांभई द्यायलाही सवड मिळत नसे.

त्या शनिवारी दोघं सेक्टर सतराच्या बस स्टँडवर गेले होते. विश्रामचा मेहुणा दिल्लीच्या बसनं कोकम घेऊन येणार होता. बस यायची होती. विश्राम चहावाल्याला सोलकढी हिंदीत समजावत होता आणि चहावाला "अच्छा जी, लस्सी," म्हणत होता. कृष्णकांतराव चार पावलांवर, खांबाआड, पान घ्यायला गेले आणि स्फोट झाला.

धूर विरला तेव्हा कृष्णकांतरावांना खरचटलंही नव्हतं. विश्राम जमिनीवर होता. मांडीतून रक्त उसळत होतं. "आई गं! बिडवई, मेलो रे!"

कृष्णकांतरावांनी मफलर काढून मांडीवर दाबला. आपली गाडी येणार, सोहोनीबाई येणार, याची त्यांना खात्री होती. आता फक्त विश्रामचा नंबर आधी लागायला हवा.

"ओरडू नको, विश्राम! गप्प पड. डोळे मीट. गप्प असलेल्याला आधी उचलतात."

"पक्का?"

"पक्का. मी कितीदा गेलोय!"

विश्रामनं ओठ चावले आणि डोळे मिटले. जन्मात पहिल्यांदा त्यानं कुणाचं ऐकलं असेल.

गाडी आली, पण आपली नव्हती. पथकाची गाडी सकाळीच कुणा पाहुण्या मंत्र्याच्या ताफ्यामागे लावली होती. ही कुठल्याशा दवाखान्याची. उतरलेली माणसं भली होती, घाबरलेली होती, आणि त्यांना कुणी कधी नियम शिकवला नव्हता. जिथून हंबरडा येई तिकडे ती धावत. हात मोडलेला एकजण गाडीत गेला, काच लागलेली बाई गेली. एकानं विश्रामकडे पाहिलं. "ये तो गया," म्हणाला आणि पुढे निघाला.

"जिंदा है!" कृष्णकांतराव किंचाळले. "इसको लो! जिंदा है ये! विश्राम, ओरड! ओरड रे आता!"

विश्रामला ते ऐकू गेलं नसावं. ऐकू गेलं ते गाडीवाल्यांना. त्यांना दिसला एक रक्तानं माखलेला, बेंबीच्या देठापासून ओरडणारा माणूस. दोघांनी कृष्णकांतरावांना बगलेतून उचललं. ते लाथा झाडू लागले तसा एकजण मायेनं म्हणाला, "शॉक लगा है बेचारे को," आणि दार लावून घेतलं. मफलरावरचा हात सुटला.

इस्पितळात अंगावरचं रक्त पुसलं तेव्हा खाली जखम सापडेना. विश्राम दुसऱ्या खेपेला आला. डॉक्टर सोहोनींची गाडीही तोवर परतली होती. त्यांनी नाडी पाहिली, मफलरही पाहिला. "दाबून धरायला कुणी नव्हतं का?" असं त्यांनी नुसतं हवेत विचारलं.

संध्याकाळी विश्रामच्या बायकोला, कांचनवहिनींना, सुमेधाबाईंनी धरून आणलं. वहिनी रडत नव्हत्या. बाकावर कृष्णकांतरावांशेजारी बसल्या.

"भावजी, तुम्ही होतात ना जवळ? फार ओरडले का हो?"

"नाही वहिनी."

"काहीच नाही?"

"गप्प पडून होता."

"म्हणजे त्रास नाही झाला," त्या म्हणाल्या. "तेवढंच देवानं बरं केलं."

कृष्णकांतरावांनी मान डोलावली.