देवघरातली लाल जमीन

आमच्या चेन्नईच्या घराला मी लाकडी जमीन करून घेतली, हा माझा आयुष्यातला एकमेव शौक. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात मी दिवसभर सिमेंटवर उभी असते, तेव्हा घरी तरी पायाखाली सागवान असावं, असं मनाने घेतलं. नवऱ्याने मान डोलावली. त्याची मान तशी सगळ्यालाच डोलते.

अडचण एकच होती, सासूबाईंची झोप. घराची जुनी जमीन लाल सिमेंटची, वापरून वापरून गुळगुळीत झालेली आणि थंडगार. सासूबाईंना एसी सोसत नाही, गुडघे धरतात. जेवण झालं की ना चटई ना उशी, त्या सरळ जमिनीला पाठ टेकायच्या. मग दोन तास कुणी हाक मारायची नाही. त्या लग्न होऊन या घरात आल्यापासूनची ही झोप, आणि लाकूड आलं की ती जाणार. म्हणून भांडायच्या तयारीनेच मी विषय काढला.

"सरि, बरं, कर," त्या म्हणाल्या. "देवघर तेवढं सोड. देवाखाली लाकूड आमच्यात चालत नाही."

'आमच्यात' म्हणजे तंजावरच्या मराठी लोकांत. मी साताऱ्याची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी सांबारात गूळ घातला, तेव्हापासून या 'आमच्यात'पुढे मी हरत आलेय. एवढ्याशा खोलीवर भागतंय म्हटल्यावर मी खूश झाले.

तीन आठवडे घरात नुसती धूळ. सासूबाईंनी सुतारांना कॉफी पाजली आणि रंगाऱ्याकडून देवघराच्या भिंती पांढऱ्याशुभ्र करून घेतल्या. खिडकीच्या बाजूचा कोपरा रिकामा करून तिथली समई दुसरीकडे हलवली. भिंतीच्या रंगाला देवाची काही हरकत नव्हती म्हणे.

काम संपलं तसा त्यांनी एक नेम धरला. जेवण झालं की देवघरात जायचं, दार लावायचं आणि दोन तास जप. मला फार वाईट वाटलं. बिचारीची झोप गेली, म्हणून देवाकडे वळली. कंपनीच्या बसमध्ये मी सगळ्यांना त्यांची भक्ती सांगितली. सुट्टीच्या दिवशी त्या बंद दाराला हातसुद्धा जोडायचे.

मग मे महिना आला. पहिली पाळी संपवून साडेतीनला घरी पोचले तर वीज गेलेली. माझी लाडकी जमीन पायाला कोमट लागत होती. देवघरातून आवाज येत होता, पण तो काही रामनामाचा नव्हता. दार हळूच ढकललं. सासूबाई खिडकीखाली लाल जमिनीवर उताण्या पडून छान घोरत होत्या. वर देव्हाऱ्यात देव बसलेले. देव्हारा अस्सल सागवानी, सासऱ्यांनी करवून घेतलेला, दर शुक्रवारी मीच पुसते तो.

"काय बघूलागलीस?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"देवाखाली लाकूड चालत नाही ना आई? मग हा देव्हारा कशाचा?"

त्यांनी जरा विचार केला. "इतके दिवस तुला दिसला नाही, त्याला मी काय करू?" म्हणाल्या आणि भिंतीकडे सरकल्या. "ये. दार लाव. आमच्यात दोघींनी जप केला तर जास्त फळ मिळतं."

मी पाठ टेकली. गारवा मानेपर्यंत चढला आणि मला मनापासून लाज वाटली. चित्रातल्यासारखं घर हवं म्हणून मी या बाईची एवढीशी सुखाची जागा काढून घ्यायला निघाले होते, आणि तिने भांडण न करता ती राखली. वर मलाही त्यातली अर्धी दिली.

पुढच्या रविवारी नवऱ्याचे मित्र घर बघायला आले. जमिनीचं कौतुक झालं, रंगाचं झालं. मग दाराबाहेर त्याचा दबका आवाज ऐकू आला, "देवघर नंतर दाखवतो. आई आणि ही जपाला बसल्यात. हल्ली हिचीही भक्ती फार वाढलीय."

सासूबाईंनी पडल्या पडल्या माझ्या तोंडावर हात दाबून धरला.