कवळी कुठे टोचते

दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवणाऱ्या बाईंना एका शब्दाची मनस्वी चीड होती. अ‍ॅडजस्ट. त्याची मराठी भावंडंही त्यांना खपत नसत: जुळवून घेऊ, चालवून घेऊ, भागवून घेऊ, होईल हळूहळू सवय. नवी कवळी बसवली की पेशंट डोळ्यांत पाणी आणून यातलं एखादं वाक्य हमखास म्हणायचा, आणि मग बाई त्याला खुर्चीतून उठूच द्यायच्या नाहीत.

"अ‍ॅडजस्ट तुम्ही नाही करायचं, कवळीने करायचं. तुमच्या हिरड्या सत्तर वर्षांच्या, ही काल जन्माला आली. सांगा, कुठे टोचतंय?"

माणसं सांगत नाहीत. एका निवृत्त हेडमास्तरांनी तर हिरडीतून रक्त येत असताना 'उत्तम' असा शेरा दिला होता. म्हणून बाई कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नसत. तोंडात आरसा घालून लाल झालेली जागा शोधायची, तिथे जांभळ्या पेन्सिलीने ठिपका द्यायचा, कवळी दाबून बसवायची. ठिपका कवळीवर उमटतो. तेवढीच जागा घासायची. सव्वीस वर्षं त्या हेच करत होत्या आणि स्वतःला या बाबतीत जरा शहाण्या समजत होत्या. समजू द्या, त्यांचा तो हक्क होता.

अपवाद एकच केला, आईच्या बाबतीत.

चार वर्षांपूर्वी वडील गेले आणि बाईंनी आईला आपल्या घरी आणलं. त्याच महिन्यात आईसाठी स्वतःच्या हाताने कवळी केली. इतकी सुरेख कवळी त्यांनी पुन्हा कधी केली नाही. आईने ती घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "अगदी छान बसली गं." बाईंनी आरसा घातला नाही, पेन्सिल काढली नाही. आपली आई आपल्याशी खोटं कशाला बोलेल?

मग आई वाळत चालली. पहिल्या वर्षी कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वर्षी कपडे ढगळ झाले, तिसऱ्या वर्षी बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. बाईंनी रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले, तीन डॉक्टर झाले. सगळे म्हणाले, काही नाही, वय आहे. जावई, म्हणजे बाईंचे यजमान, म्हणाले, "म्हातारपणी भूक कमी होतेच, आपणच समजून घ्यायचं." बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पेपर घेऊन बाल्कनीत गेले.

एका मंगळवारी दवाखान्यात घासायच्या मशीनची मोटर जळाली आणि बाई भरदुपारी घरी आल्या. आई स्वयंपाकघरात एकटीच जेवायला बसली होती. दुधात ब्रेड कुस्करून चमच्याने खात होती. कवळी शेजारच्या वाटीत, वर स्वच्छ रुमाल. किल्लीचा आवाज ऐकून तिने झटकन कवळी तोंडात घातली आणि मुलीकडे पाहून हसली.

म्हणजे चार वर्षं हा कारभार होता. हसायला कवळी, खायला हिरड्या. लेकीसमोर जेवताना दोन घास गिळायचे आणि 'पोट भरलं' म्हणायचं. बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. भांडायचं तरी कोणाशी?

"तू एवढ्या हौसेने केलीस," आई म्हणाली. "तुझ्या कामाला नावं कशी ठेवू? म्हटलं, घेऊ जुळवून."

दुसऱ्या दिवशी मोटर दुरुस्त झाली. बाईंनी आईला दवाखान्याच्या खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, आरसा घातला. पाच जागा निघाल्या. एक तर इतकी जुनी की हिरडीला घट्टा पडला होता. बाई एकेक ठिपका देत गेल्या, घासत गेल्या, आणि मधेच चष्मा काढून डोळे पुसत होत्या. पावडर उडते, असं त्यांनी दवाखान्याच्या डॉक्टरांना सांगितलं.

तासाभराने आईने सफरचंदाची फोड कराकरा चावली. मग दुसरी. मग न विचारता तिसरी.

"आता खरं सांग," बाई म्हणाल्या. "आणखी कुठे टोचतंय?"

"तोंडात कुठेच नाही."

"मग?"

आईने चौथी फोड हातात घेतली, पण खाल्ली नाही. "तुझं घर टोचतं गं. तुम्ही सगळे चांगले आहात. जावई तर माझ्यासमोर बोलतही हळू आवाजात. पण मी चार वर्षं खुर्चीच्या कडेवर बसल्यासारखी राहतेय. मला माझ्या घरी जायचंय."

'अगं, पण एकटी कशी राहशील' हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यापाठोपाठ 'होईल सवय' हेही. त्यांना आईचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. खोलीला नवे पडदे लावले होते, उशाशी घंटा ठेवली होती. विचारलं तेवढं नव्हतं.

त्यांनी दिवा बाजूला सारला.

"घर चार वर्षं बंद आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "शनिवारी जाऊन बघू. नळ गंजले असतील, गॅस लागतोय का तेही पाहावं लागेल."

"नळ चालू आहेत," आई म्हणाली. "गॅसही लागतो. मी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगते ना दर गुरुवारी, तेव्हा तिथेच जाते. खिडकीपाशी बसते आणि कवळी काढून पोटभर जेवते."