नांगे भरणारं कार्ड

ज्या बाईंमुळे मी आज कॉम्प्युटरसमोर बसते, त्यांचं आधी सांगते, माझं मग. त्या चंद्रपूरजवळच्या मूल गावाकडच्या. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. आठवीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हा एटापल्लीच्याही पलीकडून मी आमच्या गावच्या बायांसोबत त्यांच्या घरच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाच्या रोवण्याला, लावणीला यायची. बाई इंजिनिअर, चंद्रपुरात नोकरीला. सुट्टीत घरी आल्या की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून आमच्याशी बोलायच्या. एकदा त्यांनीच विचारलं, "आमच्या ऑफिसात चहापाणी, झाडझूड कराले कोणी पायजे. येतं का वो?"

"येतो," मी म्हटलं.

ड्रोनने काढलेले फोटो जोडून तलावांचे नकाशे करायचं ते ऑफिस. सपाट नकाशे नव्हेत. माउस फिरवला की अख्खा तलाव पाळीसकट, म्हणजे काठच्या बांधासकट कलंडतो, कुठे किती गाळ साचला ते दिसतं. हे सगळं एकाच मोठ्या मशीनवर व्हायचं, आणि त्या मशीनवर बाई बसायच्या. पहिल्याच आठवड्यात आमचे सर कोणाला तरी फोनवर म्हणाले, "या मशीनची सारी मदार कार्डावर आहे."

कार्ड म्हणजे माझ्या डोळ्यापुढे रेशन कार्ड आलं. टेबल पुसताना मी कीबोर्डखाली पाहिलं, ड्रॉवर पाहिला. नव्हतं. घाबरत घाबरत बाईंना गाठलं. "बाई, त्या मशीनचं कार्ड कुठी ठेवता? मले दिसून नाई राह्यलं. कचऱ्यात तं नाई गेलं?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग त्यांनी मशीन बंद करून बाजूचं झाकण उघडलं. आत एक काळी, विटेसारखी जड वस्तू आडवी बसवली होती, कोपरापासून मनगटापर्यंत लांब. तिला स्वतःचा पंखा, विजेची स्वतःची वायर.

"हे कार्ड व्हय?"

"हेच. ग्राफिक्स कार्ड. याच्यावर रेशन नाई भेटत."

मी हलेना, तेव्हा त्यांनी समजावलं. "मशीनमंदी एक मुख्य प्रोसेसर असते. थो म्हणजे आमच्या घरचा कारभारी समज. कोणाले कुठी लावाचं, हिशोब, भांडणं, सारं त्याले जमते. पण त्या एकट्यालेच बांधी रोवाले लाव."

"कंबर मोडन त्याची."

"मंग? या कार्डात हजारो बाया हायेत. एकेकीले लय अक्कल लागत नाई. हातात पऱ्हे अन् एकच काम. पण साऱ्या एकदम वाकतात."

"अक्कल लागत नाई म्हणता, बाई?"

"तुले नाई वो, कार्डाले म्हणलं!"

पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या जुड्या आपण आधीच बांधीत टाकून ठेवतो ना, तशी या कार्डाला जवळच स्वतःची मेमरी असते, हेही त्यांनी सांगितलं. दर मुठीसाठी कोणी घरापर्यंत जात नाही. तेव्हा मला एक शंका आली. रोवलेला एखादा पऱ्हा तरंगून वर येतो, जागा मोकळी राहते. त्या मोकळ्या जागेला आम्ही नांगा म्हणतो. मी विचारलं, "मंग नांगे कोण भरते?"

बाईंनी कार्डावर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाल्या, "अगं, हेच तं याचं मोठेपण. गेम खेळाच्या कार्डात एखादा ठिपका चुकला तर कोणाले दिसत नाई. इथी तलावाची खोली मोजाची असते. याच्या मेमरीत एखादा आकडा पलटला तर थे स्वतःच ओळखते अन् जागच्या जागी दुरुस्त करते. नांगे भरणारी आतच बसली हाये."

त्या दिवसापासून ते कार्ड मला फार आवडायला लागलं. इतक्या जणी, कोणाचा आवाज नाही, आणि चुकलं तर आपलं आपण सुधारायचं. जेवणाच्या सुट्टीत बाई मला शेजारी बसवू लागल्या. पाणी चमकलं की तिथले फोटो एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तलावाच्या मॉडेलला भोकं पडतात. ती शोधून खूण करायची, एवढं मी शिकले. मी त्यांनाही नांगेच म्हणायची. सर म्हणायचे, "होल म्हण, होल." महिनाभरात तेच विचारू लागले, "नांगे किती राहिले?"

काम वाढलं, तेव्हा बाईंनी सरांना सांगितलं की पोरीला यावरच घ्या. सर कचरले. आठवी शिकलेली! शेवटी म्हणाले, तलावाचं काम देणारे साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर हिने मॉडेल फिरवून दाखवावं. दाखवलं तर ठीक, नाही तर चहाच बरा. इकडे माझ्या मायने गावभर सांगून टाकलं होतं की पोरगी कॉम्प्युटरवर बसते. मी डबा न उघडता मॉडेल फिरवत बसायची, आणि बाई विचारायच्या, "जेवली का?"

तो दिवस आला. आदल्या दिवशी भिंतीला रंग दिला होता, म्हणून टेबल हलवलेलं. सकाळी सरांनीच ते जागेवर आणून वायरी जोडलेल्या. साहेब बाहेरच्या खोलीत चहा पीत होते. मी मॉडेल उघडलं आणि माउस फिरवला. तलाव हलेना. हलला तर एक झटका, मग पुन्हा थांबला.

"बाई, जळलं. माह्या हातानं जळलं."

"काऊन जळन? मशीनच्या मागं हात लावून पाय."

काम चालू असलं की कार्डाच्या जाळीतून चुलीजवळ यावा तसा झोत येतो. आज हवा थंडगार. भीतीतसुद्धा मला ते विचित्र वाटलं. काम अडलंय आणि बाया घामाघूम नाहीत?

"बाई, बाया धुऱ्यावरच बसून हायेत. त्याईले कोणी बांधीच नाई दाखवली."

बाई टेबलामागे वाकल्या आणि तिथूनच हसायला लागल्या. मॉनिटरची वायर कार्डाच्या सॉकेटमध्ये नव्हतीच, वरच्या साध्या सॉकेटमध्ये होती. चित्र काढायचं काम कार्डापर्यंत पोचतच नव्हतं. "सर, तुमी तं एकट्या कारभाऱ्याले रोवाले लावलं!"

सर आले, पाहिलं, डोकं खाजवलं. "दोन्ही सॉकेट सारखेच दिसतात यार."

वायर बदलली. पाण्यात डोंगा वळावा तसा तलाव वळला.

साहेब आत आले. मी पाळ दाखवली, गाळ दाखवला. एका जागी बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काळं काय?"

"नांगा हाये साहेब," तोंडातून निघून गेलं. मग सावरून सांगितलं, "इथं पाणी चमकलं, फोटो जुळले नाहीत. पुन्हा फोटो काढून भरू." साहेब हसले. शेतकऱ्याच्या घरचे असावेत. अर्थ विचारला नाही.

संध्याकाळी सर म्हणाले, "उद्यापासून मशीनवर बस." पण मशीन एकच. बाईंनी आपली वही-बाटली उचलली, लॅपटॉप घेतला आणि कोपऱ्यातल्या टेबलावर गेल्या. "बस वो. मले हे पुरते." पुरत नव्हतं. माझ्याकडे चहा निवेपर्यंत होणारं काम त्यांच्याकडे दुपारभर सरकत राहायचं. त्यांचे डोळे लाल व्हायचे. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, आणि पुन्हा चहावर जावं लागेल या भीतीने मी खुर्ची परत दिली नाही.

आता त्यांना लेक झाली आहे. गोंडपिपरीला सासरी राहून, तिला मांडीवर घेऊन, त्या घरूनच काम करतात, त्याच लॅपटॉपवर. फोनवर अजून आधी हेच विचारतात, "जेवली का?" बाई, मी जेवते. आणि एक दिवस असंच कार्ड बसवलेलं मशीन घेऊन मी गोंडपिपरीच्या एसटीत बसेन, लागलं तर त्याचं वेगळं तिकीट काढीन. आधी कळवणार नाही. तुम्ही नको म्हणाल. पण येईन.