अल्माच्या गाडीचा फिल्टर

ओनेझिम थेरिओने स्वतः इंजिनचं तेल बदलल्याशिवाय त्याच्या घरातली एकही गाडी लांबच्या रस्त्याला लागत नसे. बाकीच्यांना याची फार हौस होती असं नाही, पण म्हाताऱ्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. लाकूडतोड कंपनीच्या गॅरेजात त्याने उमेदीची बहुतेक वर्षं घातली होती, आणि निवृत्त झाल्यावर राज्य करायला त्याच्याकडे घरामागची ती एक शेड तेवढी उरली होती. कोणत्या गाडीला तेलाचा कोणता फिल्टर लागतो हे पुस्तकात बघणारा माणूस त्याच्या लेखी मेकॅनिकच नव्हे. जुना फिल्टर काढायचा, नव्याचं रबरी कडं त्याच्याशी जुळवायचं, बोटांनी आटे फिरवून बघायचे, की झालं. त्या साऱ्या खोऱ्यात, म्हणजे व्हॅलीत, सगळेच तसं करत. प्रत्येकाच्या शेडमध्ये सवलतीत उचललेल्या फिल्टरांची चळत, आणि एकाचा दुसऱ्याला चालतो यावर सगळ्यांची गाढ श्रद्धा. बहुतेक वेळा तो चालतोही, पंचाईत तीच आहे.

फक्त ओनेझिमच्या बोटांना आता काही कळत नव्हतं. गॅरेजात लागण्याआधी, तरुणपणी, जंगलात यांत्रिक करवत चालवून चालवून त्यांतली जाण हळूहळू गेली होती; थंडी पडली की बोटं पांढरीफटक पडत. याबद्दल तो चकार शब्द काढत नसे.

त्या सकाळी त्याची बायको अल्मा दूरच्या बँगोर शहरातल्या मोठ्या इस्पितळात जायची होती. हृदयाची झडप बदलायची होती आणि तारीख मोठ्या मिनतवारीने मिळाली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, मागच्या सीटवर रजया, पायाशी प्रवासापुरते सिलिंडर. मुलगी लिझेट गाडी चालवणार होती. बाहेर अशी थंडी होती की घरातली लाकडाची शेगडी विझली तर पाण्याचे पाइप फुटले असते, म्हणून ओनेझिम घराची व्यवस्था लावून मागून निघणार होता.

"पपा, मी म्हटलं होतं ना, गॅरेजात नेऊन तेल बदलून आणते?" लिझेट म्हणाली.

"गॅरेजात? का, मी मेलोय?"

"तसं नाही रे..."

"मग गप बस. पहाटेच उरकलंय मी. थेंबभर गळत नाही, खाली वाकून बघ हवं तर."

अल्माने बकव्हीटच्या पिठाची अर्धी धिरडी कशीबशी खाल्ली, नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं आणि ती गाडीत बसली.

त्या गेल्यावर तासाभराने शेजारचा गिलमन शेडमध्ये आला. "ओनेझिम, माझ्या जपानी गाडीचा फिल्टर तू काढून ठेवणार होतास. कुठाय?"

ओनेझिमने फळीवर हात घातला. हाताला न उघडलेला खोका लागला. त्याने तो उजेडात धरून वरचा नंबर वाचला. तो अल्माच्या गाडीचा होता. मग तिच्या गाडीला पहाटे काय बसवलं?

"अरे, असा काय बघतोस? बसतो की एकाचा दुसऱ्याला," गिलमन म्हणाला. "कडं तर तेच आहे."

कडं तेच होतं. पण गिलमनच्या फिल्टरच्या भोकातले आटे केसभर मोठे होते. असा फिल्टर बसतो, आवळला जातो, अंगणात गाडी चालू केली तर गळतही नाही. रस्त्यावर थंडीने घट्ट झालेलं तेल जोर करू लागलं की आटे सुटतात आणि सगळं तेल रस्त्यावर. शाबूत बोटाला आटे फिरवतानाच ती ढिलाई कळली असती. ओनेझिमने खोका फळीवर टाकला. तो पिकअपकडे धावला.

लिझेटचा फोन लागेना. त्या जंगलात तो लागतच नाही. पिकअपमध्ये एकमेकांशी बोलायचा रेडिओ होता. लाकडाचे ट्रकवाले त्याच्यावर दिवसभर बोलत असतात आणि घराघरातले म्हातारे स्वयंपाकघरात बसून ऐकत असतात. पुढे असलेल्या ट्रकवाल्यांना एक हाक मारायचा अवकाश, त्यांनी गाडी अडवली असती. पण का अडवायची, हे सांगावं लागलं असतं. ओनेझिम थेरिओने बायकोच्या गाडीला चुकीचा फिल्टर लावला! त्याने रेडिओचा माइक उचलला आणि परत ठेवला. गाठू आपणच, असं म्हणाला. माणूस किती मूर्ख असावा!

विंटरव्हिलच्या वस्तीच्या अलीकडेच बर्फावर तेलाचा गडद पट्टा दिसायला लागला. आधी ठिपके, मग सलग. ओनेझिम मोठ्याने देवाला शिव्या घालू लागला, आणि पुढच्याच श्वासाला त्याच्याच पाया पडू लागला. पट्टा संपला त्याच्या बऱ्याच पुढे, दोन्ही बाजूंना नुसतं जंगल असलेल्या चढावर, गाडी बर्फात तिरकी उभी होती.

लिझेट रस्त्यात येऊन हात हलवत होती. "इंजिन जाम झालं, पपा. हीटर नाही. एक गाडी इथून गेली नाही. गारठ्याने ममाला धाप लागलीय, ऑक्सिजन जास्त सोडावा लागला. शेवटचा सिलिंडर आहे."

अल्माचे ओठ निळे पडले होते. त्याने तिला रजईसकट उचलून पिकअपमध्ये ठेवलं, लिझेटला शेजारी बसवलं आणि गाडी सोडली. दवाखाना असलेलं अॅशलंड गाव अजून लांब होतं. लिझेटने सिलिंडरचा काटा बघितला आणि तोंड फिरवलं.

"तेलाचा दिवा लागला तेव्हा थांबली का नाहीस?" तो मुलीवर ओरडला. "विंटरव्हिलला घरं होती!"

"मी थांबतच होते! ममा नाही म्हणाली. म्हणाली, तुझ्या बापाने आत्ताच तेल बदललंय, दिवा खोटा आहे, चल पुढे."

अल्माने डोळे उघडले. "दिवा खरा आहे हे मला कळलं होतं," ती म्हणाली. एकेका शब्दाला ती थांबत होती. "तुझी बटणं कोण लावतं रे? दोन हिवाळे मीच लावतेय ना?"

"मग?"

"विंटरव्हिलला गिलमनच्या भावाचं गॅरेज आहे. त्याने बॉनेट उघडलं असतं, तर... संध्याकाळपर्यंत व्हॅलीभर झालं असतं. म्हटलं, अॅशलंडपर्यंत जाईल गाडी. तिथे आपल्याला कोण ओळखतं."

ओनेझिमने एक्सलरेटर आणखी दाबला. त्याची अब्रू जपायला ही बाई आपला श्वास पणाला लावून बसली होती, आणि तीच अब्रू जपायला त्यानेही घरापासून इथवर तोंड उघडलं नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली. त्याने गाडी तशीच दामटत माइक ओढून तोंडाशी धरला.

"मी ओनेझिम थेरिओ. मी माझ्या बायकोच्या गाडीला चुकीचा फिल्टर लावला. ऐकताय का? मी लावला. माझ्या बोटांना काही कळत नाही. तिचा ऑक्सिजन संपत आलाय. मी अॅशलंडकडे येतोय, कुणीतरी पुढून ऑक्सिजन आणा. बाबांनो, हात जोडतो, कुणीतरी आणा."

 एका ट्रकवाल्याचा घोगरा आवाज आला. "रेजिस बोलतोय, ओनेझिम. अॅशलंडच्या फाट्यावर आहे, इथे फोन लागतो. अँब्युलन्स मागवतो. तू थांबू नकोस." मग दुसरा, मग तिसरा, चढावरचे लादलेले ट्रक कडेला घेऊन ते त्याला रस्ता मोकळा करून देऊ लागले.

सिलिंडरचा काटा तळाला टेकला. लिझेट आईच्या पाठीवरून हात फिरवत "घे ममा, घे श्वास" एवढंच म्हणत राहिली. अल्माची मान कलली. तेवढ्यात समोरच्या वळणावर अँब्युलन्सचा लाल दिवा दिसला.

रस्त्यातच अँब्युलन्सवाल्यांनी तिला आत घेतलं आणि तोंडावर मास्क चढवला. कडेला थांबलेले ट्रकवाले टोप्या हातात घेऊन उभे होते. ओनेझिम बर्फात गुडघे टेकून उघड्या दाराशी बसला होता. थोड्या वेळाने अल्माने डोळे उघडले, त्याला शोधलं आणि मास्क जरासा बाजूला केला.

"एवढं ओरडून साऱ्या व्हॅलीला सांगायची काय गरज होती?"

"होती," तो म्हणाला, आणि त्या सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडला.