काठी विसरत नाही

शेजारच्या नॉर्बर्ट कुबियाकने मला त्याच्या शेव्हेल गाडीच्या मागच्या सीटवर पहिल्यांदा बसवलं ते माझ्या वजनासाठी. तसं तोंडावर म्हणालाही. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, हा कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"लॉरेटा, तू आणि तुझी बहीण जरा येता का? मला मागे वजन हवंय."

"मग सिमेंटची पोती आण की."

"पोती ओरडत नाहीत. टायर घासला की तुम्ही ओरडाल."

असल्या आमंत्रणाला कुणी जातं का? आम्ही गेलो. त्याने मागच्या मडगार्डांच्या आतल्या कडेला लहान मुलांची खेळायची निळी माती चिकटवली होती. आम्हा दोघींना कोंबून गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत नेली, रेल्वेच्या रुळांवरून मुद्दाम आदळली, वळवून परत आणली आणि गुडघ्यांवर बसून मातीवर टायरचा ओरखडा उठलाय का ते पाहिलं. नव्हता. तेव्हा कुठे स्वारी हसली. रिकाम्या गाडीला कुठलाही टायर बसतो, भरल्या गाडीला बसला तर खरा, असं त्याचं म्हणणं.

बे सिटीच्या आमच्या दक्षिण टोकाला, जिथे प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कारखान्यात होतं, तिथे जुनी दांडगी गाडी असणं नवलाचं नाही. नवल होतं ते मालकाचं. सैन्यातून परतल्यावर घेतलेली सत्तर सालची गर्द हिरवी शेव्हेल, इंजिन असं की चालू केलं की माझ्या कपाटातल्या बशा वाजायच्या, आणि चालवणारा हा ससा! सिग्नलला शेजारी एखादं पोरगं येऊन इंजिन गुरगुरवायला लागलं की नॉर्बर्ट आरशात बघून केस सारखे करायचा. त्याची बायको डोलोरेस म्हणायची, "सवत आणलीन घरात, आणि तिलाही कधी नाचायला नेत नाही." माझा नवरा जीन त्याला घाबरट म्हणायचा.

"घाबरतो म्हणूनच चारही चाकं अजून गाडीला आहेत," नॉर्बर्टचं उत्तर ठरलेलं.

जीनची खोड मोडायची संधी त्याला लवकरच मिळाली. जीनने आपल्या गाडीला मागे रुंद टायर घालायचं ठरवलं. उजवीकडे मोजलं, दुकानातून जोडी आणली, बसवली आणि मला मिरवायला घेऊन निघाला. पहिल्याच वळणावर डाव्या बाजूने असा आवाज आला की मी छातीवर क्रूसाची खूण केली. मडगार्डच्या कडेने नवाकोरा टायर सोलून काढला होता. नॉर्बर्ट कुंपणाला धरून हसला.

"अरे, डावीकडे मोजलंस का? माणसाचे दोन पाय सारखे नसतात, गाडीच्या दोन बाजू कशा असतील? दोन्ही बाजू मोज, आणि जिथे जागा कमी तिचं ऐक."

झालं! ती आमच्या रस्त्याची म्हणच झाली. कुणाची सून सासूची तक्रार घेऊन आली, की दुसरी कुणी तरी विचारायची, "दोन्ही बाजू मोजल्यास का गं?" आमचे पाद्रीबाबासुद्धा एकदा प्रवचनात तसं बोलून गेले, आणि मागच्या बाकावर बसलेला नॉर्बर्ट कानापर्यंत लाल झाला.

त्याची मोजायची रीत सगळ्यांना पाठ होती. चाक उतरवायचं, ब्रेकच्या ड्रमच्या सपाट तोंडापासून मडगार्डच्या कडेपर्यंत जेवढी जागा, तेवढी लाकडी पट्टी कापायची आणि ती काठीच घेऊन टायरच्या दुकानात जायचं. पोरं म्हणायची, आकडा लिहून घे ना. तो म्हणायचा, आकडा माणूस विसरतो, काठी विसरत नाही.

विसरणं ही त्याची खरी भीती. बाकीची सगळी भीती तिचीच लेक. त्याची आई स्टेफानिया शेवटची काही वर्षं त्याच्याकडे होती. आधी नावं गेली, मग वाटा. मी एकदा सूप घेऊन गेले तर बाई बटाटे सोलून सालं पातेल्यात नि बटाटे कचऱ्यात टाकत होत्या, अगदी मन लावून. शेवटी शेवटी त्या नॉर्बर्टलाच घाबरायच्या. तो खोलीत आला की पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून मला विचारायच्या, "हा माणूस कोण? याला जायला सांग." आणि तो दारात उभा, हातात त्यांचं दूध.

त्यांना पुरून आलो त्या दिवशी चर्चच्या तळघरात जेवणं चालू असताना नॉर्बर्टने मला कोपऱ्यात ओढलं.

"लॉरेटा, मी आईच्या वाटेने निघालो तर मला आधी तू सांगायचंस. डोलोरेस रडत बसेल, पोरगी, रोझान, लहान आहे. आईला कुणीच सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि तिला एकटीला नव्हतं. तसं नको मला."

"आधी ते सॉसेज खा, गार होतंय."

"वचन दे."

दिलं. तेव्हा काय, आमचे केस काळे होते.

डोलोरेस गेली, माझा जीन गेला. रोझान मोठी झाली, लान्सिंगला घरांमध्ये विजेच्या तारा ओढायचं काम करू लागली. कुंपणाच्या अलीकडे मी आणि पलीकडे नॉर्बर्ट. रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर माझ्याकडे कॉफी, बुधवारी त्याच्याकडे पत्ते. यंदा स्वातंत्र्यदिनाच्या, चार जुलैच्या मिरवणुकीत शेव्हेल रोझान चालवणार, असं ठरलं होतं. त्याचे गुडघे क्लच दाबू देईनासे झाले होते. मागचे टायर म्हातारे, बाजूंना भेगा पडलेल्या, तेव्हा नवी जोडी हवी होती. जुन्या मापाचे आता मिळत नाहीत, आणि नवे सगळे रुंद. दोनशे पंचावन्न मिलिमीटर रुंदीचे घ्यावेत की दोनशे पंचाहत्तर, हा प्रश्न. मागे बसणार आम्ही बायका, म्हणजे गाडी चांगलीच खाली बसणार. मोजायला पाहिजे, तो म्हणाला, आणि कामाला लागला.

मग एका सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी नाही, बुटांच्या नाड्या सुटलेल्या, हातात काठी.

"काल बसत होती," तो म्हणाला.

"काय?"

"काठी. काल बरोब्बर बसली. आज जात नाही. लॉरेटा, आज ती आतच जात नाही."

मी हसणार होते, पण त्याचा चेहरा पाहिला नि हसू घशातच राहिलं. त्याच्याबरोबर गेले. शेव्हेल मागून उचललेली, चाकं काढलेली. त्याने वाकून काठी लावली. ती मडगार्डच्या कडेला अडली. माझं लक्ष गाडीकडे नव्हतंच, त्याच्या हातांकडे होतं. ज्या हातांनी आयुष्यभर नट-बोल्ट नुसते चाचपून ओळखले, ते हात काठी पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहत होते.

"लाकूड फुगलं असेल. दमट हवा आहे," मी म्हटलं.

"लाकूड लांबीला फुगत नाही." हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने नवी काठी कापली. दोन दिवस बरे गेले. मग ती सैल पडायला लागली, तिच्या आणि कडेच्या मध्ये बोट जाईल इतकी. पुन्हा नवी. त्यानंतर त्याने मला काही सांगायचंच सोडलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातला तो नव्हे, त्याला लपवता येतच नाही. बुधवारी पत्ते नकोत म्हणाला. रविवारी चर्चला माझ्यासाठी न थांबता एकटाच चालत निघाला, त्या गुडघ्यांनी. वाटेत त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करतोय. जवळ गेले तर अडुसष्ट सालच्या टायगर्स या बेसबॉल संघातल्या खेळाडूंची नावं म्हणत होता, एकेक करून, आणि मध्येच अडकला की पुन्हा पहिल्यापासून.

त्याच्या गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये माझे बटाटा भरलेले पिरोगी ठेवलेले असतात. ते काढायला गेले आणि फ्रीजरमागे काही तरी पडल्याचा आवाज झाला. हात घातला तर काठ्या. जुडीच होती. सगळ्या नव्या कापलेल्या, अजून लाकडाचा वास येणाऱ्या, आणि काही आखूड, काही लांब. मी ती जुडी हातात धरून तिथे उभी राहिले. मला पातेल्यातली सालं दिसली.

मागे वळले तर नॉर्बर्ट दारात.

"बघितल्यास?" तो म्हणाला. आवाज अगदी लहान. "एक तर गाडी रोज बदलते, नाही तर मी. आणि गाड्या बदलत नाहीत, लॉरेटा."

"डॉक्टरकडे जाऊ या."

"डॉक्टर काय करेल? मला आजचा वार विचारेल. वार मला येतो. आईलाही शेवटपर्यंत वार यायचा." तो बादली उलटी करून तिच्यावर बसला. "याच मापावर मी रोझानला रस्त्यावर सोडणार होतो. तुम्हाला मागे बसवून. टायर कडेला लागला नि फाटला तर? पुलावर फाटला तर?"

"नाही फाटत."

"तुला काय माहीत? मलाच माहीत नाही!" तो ओरडला. नॉर्बर्ट माझ्यावर कधी ओरडला नव्हता. मग हळूच म्हणाला, "तू वचन दिलंयस. कळलं की सांगशील."

खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मी रोज घाबरत होते. सकाळी त्याच्या स्वयंपाकघराचा पडदा सरकला की जीव भांड्यात पडायचा. तो कुंपणापाशी आला की वाटायचं, आता मला नावाने हाक मारतोय की नाही. वचन देणं सोपं असतं हो! त्याने नको नको म्हटलं होतं तरी शेवटी मी रोझानला फोन केला. काठ्यांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चोचा, मी शनिवारी येते." आमच्याकडे मावशीला चोचा म्हणतात, आणि ही पोरगी घाबरली की मला तशी हाक मारते. एरवी मी नुसती लॉरेटा.

शनिवारी ती आली, कमरेला हत्यारांचा पट्टा तसाच. बापाला मिठी मारली आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "डॅड, माझ्यासमोर मोज ना एकदा. मला शिकायचंय."

तो उठला. उजवीकडे बसला, पट्टी धरली, खूण केली, करवतीने कापली, कड घासली. काठी लावली. बरोब्बर बसली. हात जुन्यासारखेच चालत होते. मला रडूच येणार होतं, आनंदाने. मग तो ती काठी घेऊन उठला, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि तिथे लावली.

अडली.

"बघ," तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "आत्ता बसली होती. आत्ता तुमच्यासमोर बसली होती!"

रोझान जोरात हसली. सुटल्यासारखी हसली. "डॅड! अहो महाराज, ही उजवीकडची काठी! डावीकडे जागा कमीच आहे. बर्फ ढकलणाऱ्या ट्रकने ठोकरली होती ना, मग या बाजूचा सगळा पत्रा नवा जोडला. दोन्ही बाजू सारख्या कशा असतील? दोन्ही मोजायच्या, आणि जिथे जागा कमी तिचं ऐकायचं. दोनशे पंचावन्न घे, दोन्हीकडे बसतील."

नॉर्बर्टने काठीकडे पाहिलं. उठून उजवीकडे गेला, लावली, बसली. पुन्हा डावीकडे, अडली. पुन्हा उजवीकडे. त्याचा चेहरा असा उजळत गेला, जसा मी डोलोरेस गेल्यापासून पाहिला नव्हता.

"म्हणजे गाडीच वाकडी!" तो म्हणाला. "मी नाही! लॉरेटा, ऐकलंस? गाडी वाकडी आहे!" त्याने रोझानचे दोन्ही गाल धरले. "किती हुशार गं तू! दोन्ही बाजू मोज, कमी जागेचं ऐक. वा! कुणी शिकवलं तुला हे?"

रोझानचं हसू तोंडावर तसंच राहिलं, नुसतं तोंडावर. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस त्यालाच 'दोन्ही बाजू मोजल्यास का' असं विचारायचं माझ्या मनात का आलं नाही, ते मला तेव्हा कळलं. पाद्रीबाबांना कुणी विचारतं का, तुम्हाला प्रार्थना येते का म्हणून?

"कुणी तरी... कामावर," रोझान म्हणाली, आणि हत्यारं शोधायच्या निमित्ताने गाडीच्या पलीकडे गेली.

नॉर्बर्टला काही कळलं नाही. तो शीळ घालत होता. त्याने जुनी चाकं परत चढवली, जॅक खाली घेतला, मुलांची माती आणली आणि मळायला लागला. "चल लॉरेटा, बस मागे. नव्या टायरांना किती जागा उरते बघू. तुझ्या वजनाला पर्याय नाही."

मी पुढची सीट वाकवून मागे शिरले. पाठीमागच्या काचेतून त्याचं टक्कल दिसत होतं, उजव्या मडगार्डशी वाकलेलं. त्याने अंगठ्याने नीट दाबून माती लावली. हात झटकले आणि उभा राहिला. डाव्या बाजूला गेलाच नाही.

खिडकीशी आला. "मी सांगत होतो ना, डोकं ठिकाणावर आहे. तू तर घाबरूनच गेली होतीस! कबूल कर."

त्याच्या आईच्या पांघरुणाच्या कडेवरची बोटं मला दिसत होती. आणि तळघरातला तो कोपरा, गार होत चाललेलं सॉसेज. आजचा दिवस त्याला आनंदात राहू द्यावा, असं फार वाटलं. पण सगळ्यांना माहीत आणि त्याला एकट्याला नाही, हे आत्ता, या मिनिटाला सुरू झालं होतं.

"नॉर्बर्ट," मी म्हटलं, "ती सीट वाकव आणि इकडे मागे ये."

"का? तुझं वजन कमी पडलं की काय?" तो हसत हसत आत शिरला, गुडघे दुखले म्हणून कण्हला, माझ्या शेजारी टेकला. गाडी आणखी थोडी खाली बसली.

"बोल," तो म्हणाला.

मी त्याचा मातीने निळा झालेला हात हातात घेतला.