मेहबूबभाऊंसाठी घेतलेला रेडिओ

एकाहत्तरच्या पावसाळ्यानंतर आमची बटालियन पंजाबात एका कालव्याच्या अलीकडे येऊन बसली. मी तेव्हा नायक होतो आणि कंपनीच्या वायरलेस सेटवर माझी ड्यूटी होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन मोर्च्यात उभं राहायचं. मग सेटची बॅटरी तपासायची, तिन्ही प्लाटूनना हाक मारायची आणि कंपनी कमांडर मेजरसाहेबांना 'सब ठीक' सांगायचं. दिवसभर हेच. लढाईच्या गोष्टी ऐकायला आलेली मंडळी एवढ्यावरच जांभया देऊ लागतात, पण फौजेतलं बरंचसं आयुष्य असंच जातं.

कंपनीत मावळातले आम्ही दोघंच. मी कान्ह्याचा, आणि सिपाही युसूफ पिंजारी हाही कान्ह्याचाच. त्याचे वडील मेहबूबभाऊ गाद्या-रजया पिंजायचे. लोणावळ्याच्या बंगल्यांपासून इंदुरीपर्यंत त्यांची गिऱ्हाइकं. थंडी पडली तसा युसूफनं आमच्या रजया उसवून आतला गोळे झालेला कापूस हातानं मोकळा करायला घेतला. सुभेदारसाहेब कडाडले, "पिंजारी, लढने आया है या दुकान खोलने?"

"साब, ठिठुरता आदमी क्या लड़ेगा?"

संध्याकाळी सुभेदारसाहेबांची स्वतःची रजई गुपचूप युसूफकडे आली.

त्याचा आवाज स्वच्छ होता. सेटवर खरखर असली तरी शब्द न् शब्द कळायचा. म्हणून फावल्या वेळात मी त्याला सेट शिकवला. महिन्याभरात तो माझ्या तोडीचा झाला.

लढाई सुरू झाल्यावर तिसऱ्या पहाटे टेहळणीसाठी आठ जणांचं पॅट्रोल कालव्यापलीकडे पाठवायचं ठरलं. मेजरसाहेबांनी विचारलं, "सेटवर कोण?" मी युसूफचं नाव दिलं. त्याच्याइतका चांगला ऑपरेटर दुसरा नव्हता. आजही विचार केला तर मला दुसरं नाव सुचत नाही, आणि तेच सलतं.

उजाडलं तेव्हा धुकं इतकं होतं की आमचाच बंध, कालव्याकाठचा मातीचा बांध, आम्हाला दिसत नव्हता. साडेसातला मी हाक मारली; सेटवर अल्फा म्हणजे आम्ही, अल्फा वन म्हणजे युसूफ.

"अल्फा वन, अल्फा. रिपोर्ट दो. ओव्हर."

"अल्फा, अल्फा वन. सामने गाड़ियाँ. भारी. बंध के पीछे. ओव्हर."

मेजरसाहेब म्हणाले, "वापस बुलाओ."

"अल्फा वन, वापस आओ. ओव्हर."

"अल्फा वन. दो जखमी. उठाके लाते हैं. वेट."

त्यानंतर तोफा सुरू झाल्या. पलीकडचा सगळा काठ हादरत होता. मी हाक मारत राहिलो. आमच्यात एक रीत असते. माणसाला बोलणं शक्य नसेल तर त्यानं सेटचा स्विच नुसता दाबायचा, म्हणजे इकडे 'खट्' ऐकू येतं. मी म्हणालो, "अल्फा वन, सुनते हो तो स्विच दो बार दबाओ." एकदा खट् झालं. एकदाच. तोफांच्या माऱ्यात सेटवर असले आवाज उगाचच येत असतात. तरी मी तो मेजरसाहेबांना सांगितला. सिग्नलवाल्यानं ऐकू आलं ते जसंच्या तसं सांगायचं, त्याचा अर्थ लावायचा नाही, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं.

आठांतले दोन जखमी रांगत परत आले. त्यांनी युसूफला पडताना पाहिलं नव्हतं. लढाई थांबल्यावर पाच जणांचे देह मिळाले. युसूफ मिळाला नाही, त्याच्या पाठीवरचा सेटही नाही. त्याच्या नावापुढे 'मिसिंग' लागलं.

त्याच आठवड्यात सुरुंगावर माझा डावा पाय घोट्यापासून गेला. पुण्याच्या लष्करी हॉस्पिटलात बरेच दिवस काढून मी काखेत कुबडी घेऊन घरी आलो तेव्हा उन्हं तापायला लागली होती. दुसऱ्याच सकाळी मेहबूबभाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला नाही.

"ज्ञानू, तू सेटवर हुतास म्हनं."

"व्हय भाऊ."

"सांग मंग."

मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "भाऊ, तुमच्यापासून काय लपवू? माज्या मतानं युसूफ गेला."

"डोळ्यांनी पाह्यलंस?"

"न्हाई. नुसतं ऐकलं."

"शेवटी काय ऐकलंस?"

मी ते खट्ही सांगितलं. मेजरसाहेबांना दिला तसा रिपोर्ट दिला, बापाला. तो आवाज मी गिळून टाकला असता तर त्या घराचं पुढचं वर्ष निराळं गेलं असतं. खोटं बोलायला हवं होतं असं मला अजूनही म्हणवत नाही. पण खऱ्याचाही फार अभिमान उरलेला नाही.

मेहबूबभाऊंची पाठ ताठ झाली. "म्हंजी तवा जित्ता हुता," ते म्हणाले. "तू तितं ऐकलंस, आता मी हितं ऐकतो. मला एक रेडू घेऊन दे. तुला त्यातलं कळतं."

त्यांना कामशेतच्या एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं होतं. सरहद्दीपलीकडचं रेडिओ स्टेशन संध्याकाळी त्यांच्या कैदेतल्या आपल्या जवानांची नावं वाचायचं. नंबर, रँक, नाव, बापाचं नाव, गाव. ते खरं होतं, हॉस्पिटलातही आम्ही ऐकत होतो. घरात अजून युसूफचा फातेहा, म्हणजे गेलेल्याच्या नावानं पढायची दुआ, झाला नव्हता. युसूफची आई, हलीमाचाची, कुणी विषय काढला की म्हणायच्या, "जित्त्या पोराचा फातेहा कुनी पढतं का?" एक नाव ऐकू आलं की पोरगा कैदेत आहे आणि परत येणार. नाही आलं तर काय, हे त्या घरात कुणी बोलायचं नाही.

आम्ही पॅसेंजरनं लोणावळ्याला गेलो. बाजारात एकच बरं दुकान होतं. मेहबूबभाऊंनी दुकानदाराला आधीच घोकून ठेवलेलं वाक्य सांगितलं, "सोस्तातला पायजे, रोजच्या वापराचा. बातम्या, बाजारभाव, जरा गानी."

दुकानदार खुलला. "काका, मग हा बघा! खिशात मावतो. शेतात जा, गुरांमागे जा, सोबत आहेच." त्यानं लाल प्लास्टिकचा एक छोटा रेडिओ पुढे केला. मी हातात घेतला. एकच बँड, मीडियमवेव्ह. मुंबई आणि पुणं स्वच्छ लागेल, पंजाबापलीकडचं काही भरवशाचं नाही. सेल पेन्सिलीएवढे, लवकर बसणारे, आणि आमच्याकडे सहज न मिळणारे. मी तो परत ठेवला.

"काय झालं? नवा माल आहे," दुकानदार म्हणाला.

"माल नवाच आहे. आम्हाला शॉर्टवेव्ह लागेल."

"बातम्या आणि बाजारभावाला शॉर्टवेव्ह? हे म्हणजे उंदीर मारायला तोफ आणण्यासारखं झालं."

तोफ या शब्दावर माझं डोकं फिरलं, पण मी बाकीचे रेडिओ बघायला लागलो. कोपऱ्यात दोन बँडचा एक रेडिओ होता. लाकडी खोका, मागच्या झाकणाला तडा, म्हणून किंमत उतरवलेली. चार मोठे सेल, टॉर्चला लागतात तेच, म्हणजे कुठल्याही वाण्याकडे मिळणारे. मी काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. काट्याचा दोरा कुठे घसरत नव्हता. झाकण काढून सेलच्या पट्ट्या पाहिल्या, गंज नव्हता. रेडिओ रस्त्यावर नेऊन शॉर्टवेव्ह लावली. शिट्ट्या आणि खरखर होती, पण मधेच एक लांबचं स्टेशन पकडलं आणि पकडून ठेवलं. "भाऊ, ह्यो घ्यायचा," मी म्हणालो.

मेहबूबभाऊ त्याच्याकडे बघेनात. त्यांचा डोळा लाल डबीवर होता. दुकानदाराला ते हळूच म्हणाले, "त्या बारक्याला ती कानात घालायची गोळी येती का?"

"येते ना! इअरफोन बरोबरच मिळतो."

"आन ह्या मोठ्याला?"

"याला सोय नाही, काका."

"मंग बारकाच द्या."

कमी ऐकू येतं म्हणून असंही नव्हे, त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट होते. मी त्यांना दुकानाबाहेर घेतलं. "भाऊ, त्याच्यात ते स्टेशन लागायचंच न्हाई. गोळी काय करायची?"

ते म्हणाले, "ज्ञानू, तुज्या घरातनं त्यो रेडू बोलला तर लोक म्हनतील, फौजी हाय, ऐकतोय. माज्या घरातनं बोलला तर काय म्हनतील? पिंजाऱ्याच्या घरात पलीकडचा रेडू चालतो. भितीला कान असत्यात, बाबा. मला गावात ऱ्हायचंय."

मला राग आला. त्यांच्यावर नाही, पण निघाला त्यांच्यावरच. "तुमचा पोरगा कालव्यापल्याड सेट घेऊन गेला, आन तुमी त्याचं नाव चोरून ऐकनार? माज्या ओट्यावर लावायचा. मोट्यानं. ज्याला म्हनायचं त्यानं माज्या तोंडावर येऊन म्हनावं."

"तुला तरास हुईल."

"होऊ दे. एक पाय तर गेलाच हाय."

ते हसले. युसूफ गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. तडा गेलेला रेडिओ आम्ही घेतला. तेव्हा रेडिओला परवाना लागायचा, तो पोस्टातून मेहबूबभाऊंच्याच नावानं काढला.

आमचं गाव डोंगराच्या कुशीत, नुसत्या रेडिओवर लांबचं काही येईना. मी एरियल म्हणून ओट्यापासून शेवग्याच्या झाडापर्यंत तांब्याची तार ताणली. तिसऱ्या संध्याकाळी तो आवाज लागला. एक माणूस सावकाश नावं वाचत होता. मेहबूबभाऊ मांडी घालून पुढे वाकले. हलीमाचाची दाराआड उभ्या राहिल्या.

चार-पाच दिवसांत पोलीसपाटील आलेच. आमचे पाटील म्हणजे आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. "ज्ञानू, कुनाचं टेशन लावलंय?"

"दुश्मनाचं. बसा. आपल्या पोरांची नावं येत्यात."

पाटील उभ्याउभ्या ऐकायला लागले, मग बसले. दुसऱ्या दिवशी ते घरून घोंगडं घेऊन आले. हळूहळू ओटा भरायला लागला. सगळंच गाव असं शहाणं नव्हतं. दोन घरांनी त्या वर्षी गाद्या पिंजायला दिल्या नाहीत. ती घरं मला माहीत आहेत. मेहबूबभाऊंनाही माहीत होती, पण ते त्यांना आधीसारखाच रामराम करायचे.

एके संध्याकाळी सातारा जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव आलं. सगळे सावरून बसले. जवान दुसऱ्याच कुणाचा होता. मेहबूबभाऊ म्हणाले, "ज्ञानू, त्याच्या घरी कुनी ऐकलं नसंल तर? कार्ड टाक."

मी पोस्टकार्ड लिहिलं. तुमचा मुलगा कैदेत आहे, जिवंत आहे, आज त्याचं नाव रेडिओवर आलं. तेव्हापासून तो नेमच झाला. आपल्या मुलखातलं नाव आलं की कार्ड जायचं. खाली 'मेहबूब पिंजारी, कान्हे' असं मी मुद्दाम लिहायचो. उलट टपाली उत्तरं यायची, काही रडून लिहिलेली. साताऱ्याकडचा तो बाप तर गुळाची ढेप डोक्यावर घेऊन स्वतः आला आणि मेहबूबभाऊंच्या पायांशी वाकला. "तुमच्याबी पोराचं नाव येईल बगा," तो म्हणाला.

"आलं तर आलं," मेहबूबभाऊ म्हणाले. "तुमचं आलं, ते कमी हाय का?"

तो गेल्यावर ते बराच वेळ ढेपेकडे बघत बसले. माझ्या मनात जे होतं ते मी पहिल्याच दिवशी बोलून बसलो होतो, आणि ते पुन्हा म्हणण्याची माझी छाती नव्हती.

पावसाळा गेला तशी नावं कमी झाली आणि एक दिवस बंदच पडली. तरी मेहबूबभाऊ येऊन बसायचे. थंडीत कैदी परत आले. मी युनिटला पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं की परतलेल्यांपैकी कुणीही युसूफला तिकडे पाहिलं नव्हतं. ते मी मेहबूबभाऊंना वाचून दाखवलं. त्यांनी पत्र मागितलं नाही, दोनदा वाचायलाही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी ते आले. हलीमाचाची बरोबर होत्या. ओट्यावर नेहमीची मंडळी होती. मी रेडिओ लावायला हात पुढे केला, तर त्यांनी तो धरला.

"ऱ्हाऊ दे. शुक्रवारी फातेहा हाय. समद्यांनी यायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पर त्याआदी तू त्याचं नाव वाच. तितनं वाचत्यात तसं."

"भाऊ, ती यादी जित्त्यांची व्हती."

"म्हाईत हाय. वरीसभर समद्यांच्या पोरांची नावं ऐकली, ज्ञानू. माज्या पोराचं कुनी घेतलंच न्हाई."

मी कुबडी घेऊन उठलो. फौजेत शिकवलंय तसा, जमेल तेवढा सावधान उभा राहिलो. त्याचा आर्मी नंबर मला पाठ होता. तो इथे लिहीत नाही, तो त्या घरचा आहे. नंबर म्हटला, आणि पुढे म्हणालो, "सिपाही युसूफ पिंजारी. वडील मेहबूब पिंजारी. गाव कान्हे, तालुका मावळ, जिल्हा पुणे."

ओट्यावरची माणसं उभी राहिली होती. पाटीलही. मेहबूबभाऊ खाली मान घालून ऐकत होते. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

मागून हलीमाचाची म्हणाल्या, "आनिक एकदा."

मी पुन्हा नंबरापासून सुरुवात केली.