शिबिरातून दवाखान्यात

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बदनापूरला राहत होतो आणि कृषी सहायक म्हणून आसपासची गावं सांभाळत होतो. शेतकऱ्यांपुढे बोलणं हेच माझं काम. एका वर्षी तेच जमेनासं झालं. झोप उडाली, जेवणाची चव गेली, बैठकीत उभा राहिलो की रडूच यायचं. कारण विचाराल तर काहीच नाही. नोकरी सोडायचा अर्ज लिहून मी खिशात घेऊन फिरत होतो.

साहेबांनी उपाय सुचवला, जालन्यातलं व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर. तिथं टाय लावलेले एक सर आम्हाला खुर्चीवर उभं करून ‘मी जिंकणारच’ असं म्हणवून घ्यायचे. माणूस वाईट नव्हता. माझ्या शेजारी बसलेला एक कापडदुकानदार तिथून खरोखरच ताठ मानेनं बाहेर पडला. मी मात्र घरी रोज सकाळी आरशापुढे पन्नास वेळा जिंकत होतो, आणि त्याच आरशापुढे दाढी करायचं राहून जात होतं. मग स्वतःलाच आळशी, नालायक म्हणून झालं आणि पुढच्या शिबिराला नाव घातलं.

बायको शेतकऱ्याच्या घरची. सदरा धुवायला घेताना तिला तो अर्ज सापडला. आरडाओरडा न करता ती माझ्या मागे, आरशात दिसेल अशी येऊन उभी राहिली.

“तूर वाळायला लागली की तुम्ही लोकाला काय सांगता?”

“झाड उपटा, खोड चिरून बघा. आत काळी रेघ दिसली तर रोग आहे.”

“अन् लोकं काय करतेत?”

“युरिया टाकतात.”

“मंग तुम्ही काय करून राह्यले?”

मला राग आला. कुणी खरं बोललं की मला येतोच.

ती मला औरंगाबादला मनाच्या आजारांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आमच्याकडे त्या डॉक्टरला सरळ वेड्याचा डॉक्टर म्हणत. ओळखीचं कुणी बघेल म्हणून मी शेजारच्या दातांच्या दवाखान्यात गालाला रुमाल लावून बसलो. तिकडे माझा नंबर आला तेव्हा तिनं बखोट धरून मला पलीकडे नेलं.

डॉक्टरांनी मला काहीही म्हणायला लावलं नाही. झोप कधीपासून नाही, सकाळी कसं वाटतं, मरून जावंसं वाटतं का, एवढंच विचारलं. शेवटच्या प्रश्नाला मी हो म्हणालो. बायकोनं ते पहिल्यांदाच ऐकलं. तिनं माझा हात धरला.

“हा आजार आहे,” डॉक्टर म्हणाले. “गोळ्या घ्या, दर आठवड्याला येऊन माझ्याशी बोला. शिबिरं बरे झाल्यावर करा, हवी तर.”

“म्हंजे मी आळशी न्हाई?”

“बिलकुल नाही.”

मी तिथंच रडलो, आणि इतकं हलकं वाटलं की लाजही वाटली नाही.

परतीच्या एसटीत खिडकीपाशी बसलो. गोळ्यांची पिशवी अजून उघडलीही नव्हती. जाग आली तेव्हा गाडी जालन्याच्या स्टँडवर उभी होती, बदनापूर केव्हाच मागे पडलं होतं. माझं डोकं बायकोच्या खांद्यावर होतं आणि ती टक्क जागी होती.

“उठवलं का न्हाई?”

“किती महिन्यांनी झोपले तुम्ही,” ती म्हणाली. “कंडक्टर आल्ता विचारायला. मी जालन्याचं तिकीट घेऊन टाकलं.”